पलंगाखालची बॅटरी

नवऱ्यानं घेतलेली सेकंडहँड व्हॅन दारात आली तेव्हा तिला तुपाचा वास येत होता. जुन्या, खवट झालेल्या तुपाचा. आधी ती एका केटररकडे होती. लग्नाच्या हॉलवर कढया, डबे पोहोचवायचे आणि येताना खरकटं भरून आणायचं, यातच तिची बरीच वर्षं गेली होती. मी मागचं दार उघडून छताला हात लावला तर हात चिकटला. खिडकीच्या रबरात काळा चिकट थर. सीटखाली वाळलेली बुंदी आणि तिच्यात झुरळांची अंडी. मी दार लावून टाकलं आणि रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या आमच्या घराच्या पायरीवर जाऊन बसले.

"अवं, धुतली की निघते ते," नवरा म्हणाला.

"कोण धुणार आहे?"

"दोघं मिळून धुऊ ना. कायले तोंड वाकडं करून राहिली?"

दोघं मिळून म्हणजे मी. तो पाण्याचा पाईप धरून उभा राही आणि मी आत गुडघ्यांवर बसून धुण्याच्या सोड्यानं घासत असे. पंधरा दिवस लागले. रोज अंघोळ केल्यावरही केसांना तो वास असे आणि मला जेवण जात नसे.

गाडीतच मुक्काम करत फिरायचं नवऱ्याचं हे वेड समजण्यासारखं होतं, म्हणून मी गप्प होते. आम्ही मूळचे गोंदियाकडचे. तो रेल्वेत गार्ड होता. मालगाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात, हातातल्या बत्तीच्या उजेडात, पंख्याशिवाय त्यानं चौतीस उन्हाळे काढले. साइडिंगला गाडी आठ आठ तास उभी राही. आजूबाजूला सरईचं, म्हणजे सालवृक्षांचं जंगल, नाले, टेकड्या, आणि ह्याला खाली उतरायची परवानगी नाही. निवृत्त झाला त्या आठवड्यात म्हणाला, "ते सगळे जंगल मले दुरून दिसले. आता माह्या स्वतःच्या डब्यात बसून पाहीन. अन् पंखा लावून पाहीन."

तोवर रायपूर राजधानी होऊन बरीच वर्षं झाली होती. कचेऱ्या नव्या शहरात गेल्या होत्या आणि तिकडचे रुंद रस्ते रविवारी सकाळी ओस असत. तिथंच नवऱ्यानं ही गाडी चालवायचा सराव केला. मी एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. आम्ल ओतून देणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवणं, पोट्ट्यांनी हात भाजून घेतला की त्यावर पाणी सोडणं, असं तीस वर्षं चाललं होतं. घाण वासांची आपल्याला सवय आहे, असा माझा समज होता.

गाडी स्वच्छ झाली. सुतारानं आत पलंग बसवला, छोटा ओटा केला. मग प्रश्न आला विजेचा. आणि तो पंख्यापुरता नव्हता. निवृत्तीच्या आधी दोन वर्षं असं निघालं होतं की नवऱ्याचा श्वास झोपेत मध्येच थांबतो. डॉक्टरांनी एक मशीन दिलं. रात्री नाकावर मास्क बांधायचा आणि उशाशी ठेवलेलं मशीन नळीतून हवा ढकलत राहतं. त्याशिवाय झोपला की सकाळी त्याचा चेहरा राखेसारखा होई आणि बोलणं अडखळे. म्हणजे जिथं विजेचा खांब नाही अशा जागी मुक्काम करायचा, तर रात्रभर न तुटणारी वीज सोबत न्यायला हवी होती. पंखा नसला तर घाम आला असता. मशीन नसलं तर मला भीती वाटत होती.

नवऱ्यानं पहिल्यांदा जनरेटर आणला. लग्नाचे मांडव घालणाऱ्या एका ओळखीच्याकडून, वापरून पाहायला.

आमची मुलगी बँकेत नोकरी करते आणि आमच्यासोबतच राहते. तिला मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीतच येतं. ती जनरेटरभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "पापा, ये मत ले जाओ. जंगल में ये बजाओगे?"

"अवं पोट्टी, लग्नात वाजते तेव्हा तं नाचते तू."

"शादी में सब बहरे रहते हैं पापा."

आम्ही तो गंगरेलच्या धरणाकडे घेऊन गेलो. काठापासून दूर, एका झाडाखाली गाडी लावली. दुपार होती. पाणी निळं आणि सपाट. नवऱ्यानं जनरेटर खाली उतरवला आणि दोरी ओढली. आधी तो खोकला, मग असा काही फडफडायला लागला की झाडावरचे बगळे एकदम उठले. आम्ही गाडीत पंखा लावून बसलो. वारा मागून होता, त्यामुळे धूर सरळ आमच्याच खिडकीत येत होता. मी भात टाकला होता. झाकण काढलं तर वाफेबरोबर पेट्रोलचा वास. पहिल्याच घासानंतर मी ताट बाजूला सारलं. नवरा मात्र खात राहिला, कारण त्याला ते कबूल करायचं नव्हतं.

तेवढ्यात एक म्हातारा कोळी आला. हातात ओली जाळी. तो काही भांडायला आला नव्हता. त्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि हसून म्हणाला, "बाबू, थोकिन बंद कर दे. मोर बाई के मूड़ पिरावत हे." त्याच्या बायकोचं डोकं दुखत होतं. त्यानं बोट दाखवलं तिकडे, बऱ्याच अंतरावर, एक बाई लुगड्याच्या पदरानं तोंड झाकून दगडावर बसली होती.

नवऱ्यानं लगेच बटण दाबलं. शांतता झाली तेव्हा मला कळलं की आपण दोघं इतका वेळ ओरडून बोलत होतो. जनरेटरच्या खाली तेल गळून गवतावर काळा डाग झाला होता. मी तो पानांनी पुसायला गेले आणि आणखी पसरवला. म्हातारा बघत उभा होता. मला इतकी लाज वाटली की मी त्याला चहा विचारायचंही विसरले. हे असलं काही रात्रभर, मशीनसाठी, आठ तास वाजवत ठेवायचं, हे दोघांनाही तोंडानं म्हणावं लागलं नाही. अंधार पडायच्या आत आम्ही घरी परतलो.

मग आम्ही बॅटरीच्या दुकानात गेलो. सदर बाजारच्या गर्दीतून आत जाणाऱ्या एका गल्लीत ते होतं. नवऱ्याच्या जुन्या सहकाऱ्यानं पत्ता दिला होता. मुलीनं घरी कागदावर लिहून दिलं होतं: मशीनला रात्रीचं किती, पंख्याला किती, दोन दिव्यांना किती, फोनला किती, लहान फ्रिजला किती. सगळ्यात जास्त फ्रिज खात होता. कागदाच्या खाली तिनं हिंदीत लिहिलं होतं, 'लिथियम ही लेना, हल्की रहती है, गाड़ी में सोओगे उसके साथ.'

दुकानदार गोड बोलणारा. त्यानं कागद पाहिलाही नाही.

"भाभीजी, टेंशन मत लो. लिथियम-विथियम सब मोबाइल वालों का चक्कर है. ये देखो, ट्रॅक्टर खींच ले इतनी ताकत है."

त्यानं एक भलीमोठी काळी बॅटरी दाखवली. आम्लाची, घरातल्या इन्व्हर्टरला असते तशी. त्यांचं स्वतःचं नाव छापलेली. लिथियमच्या बॅटरीच्या मानानं फार स्वस्त. सोबत छतावर लावायचं सोलर पॅनल आणि एक चार्जर.

"ही बंद गाडीत चालते का?" मी विचारलं. "चार्ज होताना गॅस निघतो."

"नाम का निकलता है, भाभीजी. खिड़की खोल के रखना."

मी हे उत्तर ऐकलं आणि पुढे काही विचारलं नाही. आज याचं मला सर्वात वाईट वाटतं. तीस वर्षं मी पोट्ट्यांना सांगत आले की आम्लाची बाटली बंद कपाटात ठेवू नका, आणि इथं आम्लाची पेटी नवऱ्याच्या पलंगाखाली ठेवायला तयार झाले. दुकानात उकडत होतं, मागे कोणीतरी सतत थुंकत होतं, भिंतीचा कोपरा गुटख्यानं लाल झाला होता. मला तिथून बाहेर पडायचं होतं, एवढंच. नवरा म्हणाला, "घेऊन टाकू?" मी म्हणाले, "घेऊन टाका."

दोन माणसांनी बॅटरी उचलून पलंगाखाली सरकवली.

पहिल्या एक-दोन लहान फेऱ्या बऱ्या झाल्या. मशीन चाललं, पंखा फिरला, नवऱ्यानं सगळ्या कॉलनीला बोलावून दिवे लावून दाखवले. मग उन्हाळ्याच्या तोंडाशी आम्ही कवर्ध्याच्या पुढे चिल्फीच्या घाटात गेलो. तिथं रात्री गारवा असतो म्हणून खिडक्या लावून झोपलो. दिवसभर छतावरच्या पॅनलवर कडक ऊन होतं, बॅटरी भरलेली होती.

सकाळी मी लवकर उठून बाहेर पडले. सरईला फुलं आली होती, खाली मोहाचा सडा होता आणि दोन बाया टोपल्यांत मोहफुलं वेचत होत्या. त्यांच्याशी थोडं बोलले, अर्धा तास फिरले आणि परत येऊन गाडीचं दार उघडलं. आतून कुजक्या अंड्यांचा असा भपकारा आला की मी मागे सरले.

नवरा पलंगावर बसला होता. मास्क नुकताच काढलेला, नाकावर त्याचा वळ. डोळे लाल.

"अंडे सडले वाटते," मी म्हणाले. "तुम्हाले वास नाही येऊन राहिला?"

"कशाचा वास? मले तं काहीच नाही येत. डोकं लय दुखून राहिलं."

मी फ्रिज उघडला, अंड्यांचा ट्रे उचलला आणि बारा अंडी झाडाखाली खड्डा करून फोडली. एकही नासलेलं नव्हतं. पिवळे बलक मातीत पडले, पिवळेधमक आणि ताजे. मी वाकून त्यांचा वास घेतला. अंड्यांना काहीच वास नव्हता.

हा वास मला माहीत होता. कॉलेजात क्षारांच्या परीक्षणासाठी हाच वायू आम्ही बनवत असू. नव्या पोट्ट्यांना मी दरवर्षी सांगायचे: हा आधी घाण येतो, मग येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजू नका, तुमचं नाक गेलं असं समजा आणि बाहेर पळा. आम्ही दोघं रात्रभर त्यातच होतो, म्हणून उठताना मलाही वास आला नव्हता. आणि नवऱ्याचं तर आणखीच. त्याच्या मशीनची हवा ओढणारी बाजू पलंगाच्या कडेला, जमिनीपासून वीतभर उंच होती. खालची हवा ओढून ते मशीन आठ तास त्याच्या नाकात ढकलत होतं.

"बाहेर या," मी ओरडले. "आधी बाहेर या!"

"अवं पण चप्पल..."

"चप्पल गेली खड्ड्यात, बाहेर या!"

त्याला हाताला धरून मी ओढलं आणि झाडाखाली बसवलं. तो खोकत होता. मोह वेचणारी एक बाई पाणी घेऊन धावत आली. मी सगळी दारं, खिडक्या उघडल्या, श्वास धरून आत गेले, मशीनची आणि पॅनलची वायर उपटली, पुन्हा बाहेर आले. दहा मिनिटांनी पलंगाची फळी उचलली. बॅटरीची एक बाजू पोट फुगल्यासारखी बाहेर आली होती. हात जवळ नेला तरी धग लागत होती. खालचं प्लायवूड आम्लानं काळं पडून पापुद्र्यांसारखं सुटत होतं. ओट्यावर खाण्याच्या सोड्याचा डबा होता, तो सगळा मी त्यावर ओतला. फसफसून तपकिरी फेस आला. त्या फेसाकडे पाहताना मी तिथंच उलटी केली.

नवऱ्याला काही झालं नाही. दोन दिवस डोकं दुखलं, घसा आठवडाभर खरखरला. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. मी त्यांना म्हणाले नाही की मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करत होते.

दुकानदारानं बॅटरी पाहिली, बोटानं फुगवटा दाबला आणि म्हणाला, "कभी-कभी एकाध सेल बैठ जाता है, भाभीजी. चार्जर को लगता है भरी नहीं, वो भरता जाता है. वारंटी में है, बदल देंगे."

"माझा नवरा मेला असता," मी म्हणाले. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, म्हणून मी हिंदीत पुन्हा म्हणाले.

"अरे ऐसा मत बोलो, भाभीजी," तो म्हणाला आणि एका चिठ्ठीवर पत्ता लिहायला लागला. बदली बॅटरी त्यांच्या गोदामातून मिळणार होती. शहराच्या कारखान्यांच्या बाजूला, राखेच्या ढिगांच्या पलीकडे. आपलीच गाडी घेऊन जायचं होतं.

गोदाम म्हणजे पत्र्याचं कुंपण घातलेलं मोकळं आवार. आत शिरताच घशात आंबट वास बसला. एका बाजूला जुन्या बॅटऱ्यांचा डोंगर, ट्रकच्या, ऑटोच्या, घरांतल्या. दोन माणसं कुऱ्हाडीनं त्या फोडत होती. आम्ल तसंच जमिनीवर वाहत होतं आणि एका चरातून मागच्या डबरीत जात होतं. छत्तीसगडात पारापाऱ्यात, म्हणजे वस्तीवस्तीत, अशी तळी असतात, तिथं लोक अंघोळ करतात, गुरं धुतात. ह्या डबरीच्या काठावर गवताची एक काडी नव्हती. पांढरी खपली धरली होती आणि पाण्याचा रंग शेवाळ्याचाही नव्हता, भलताच कुठला तरी होता.

शेडमध्ये बाया बसल्या होत्या. फुटलेल्या बॅटऱ्यांतून शिशाच्या पट्ट्या हातानं उपसून वेगळ्या करत होत्या. चांगल्या दिसणाऱ्या पट्ट्या धुऊन एका कोपऱ्यात जात होत्या आणि तिथं एक माणूस त्या नव्या काळ्या पेट्यांत भरत होता. पेटीवर दुकानदाराचं नाव छापलेलं. आम्ही नवी म्हणून घेतलेली बॅटरी इथं जन्मली होती.

मी जवळच्या बाईसमोर उभी राहिले. माझ्याच वयाची असेल. बोटांना गोणपाटाच्या चिंध्या बांधलेल्या, त्यातून दिसणारी कातडी पिवळी पडून भेगाळलेली. पोट्ट्यांच्या बोटावर आम्लाचा एक थेंब पडला तर मी पंधरा मिनिटं नळ सोडून ठेवत असे.

"हाथ जरथे का?" मी विचारलं. हात भाजतात का, म्हणून.

"हव, जरथे," ती म्हणाली. "फेर आदत होगे हे." मग माझा चेहरा पाहून तिनं बाजूची प्लास्टिकची बाटली उचलली. "पानी पी ले दीदी. घाम बहुत हे." ऊन फार आहे, म्हणत होती.

बाटलीवर तिच्या बोटांचे करडे ठसे होते. मी म्हणाले, नको, तहान नाही. माझा घसा कोरडा पडला होता. तिला कळलं असणार, कारण तिनं बाटलीचं तोंड पदरानं पुसून ती पुन्हा पुढे केली. मी पुन्हा नको म्हणाले. त्या आवारात जे काही ओंगळ होतं, त्यात माझं ते 'नको' सर्वात ओंगळ होतं, असं मला तेव्हाही वाटलं. तरी मी पाणी प्यायले नाही.

एवढ्यात मागून आवाज आला. दोन माणसांनी आमची फुगलेली बॅटरी गाडीतून उतरवून जमिनीवर आडवी केली होती. मी काही म्हणायच्या आत कुऱ्हाड पडली. चिल्फीला नवऱ्याच्या पलंगाखाली होतं ते सगळं त्या चरात ओतलं गेलं.

नवरा तिथल्या एकाच्या मदतीनं नवी बॅटरी गाडीत चढवत होता.

"ते खाली ठेवा," मी म्हणाले.

"काहून? फुकट बदलून देऊन राहिले."

"ही त्याच पट्ट्यांची आहे. तुम्ही आत्ता डोळ्यांनी पाह्यलं."

"मंग काय, तशीच सोडून जाऊ? एवढी पदरमोड केली आपण."

"सोडा."

"तू डोकं फिरल्यासारखी करून राहिली! घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आपण कोणाले देत होतो? भंगारवाल्याले ना? तू सोता भाव करत होती त्याच्याशी!"

ते खरं होतं. दर तीन-चार वर्षांनी दारात भंगारवाला येई, मी काटा नीट धर म्हणून त्याच्या अंगावर ओरडत असे, आणि बॅटरी गेली की फरशी धुऊन घेत असे. ती कुठं जाते हे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं असलेल्या बाईनं एकदाही विचारलं नव्हतं.

"हो, मीच करत होते," मी म्हणाले. "म्हणून म्हणते. ही गाडीत चढली तर मी चढणार नाही."

नवऱ्यानं बॅटरी उतरवायला लावली. घरी येऊन मी अंघोळ केली, कपडे गरम पाण्यात टाकले आणि तरीही आंबट चव जिभेवरून गेली नाही.

पंधरा दिवसांनी मी स्कूटीवर एकटी तिकडे गेले. सोबत रबरी हातमोज्यांच्या चार जोड्या आणि सोड्याची पाकिटं. मी तक्रारही दिली होती. एका कचेरीत अर्ज घेतला, दुसरीत पाठवलं, तिथल्या साहेबांनी मला चहा पाजला. आवार जसंच्या तसं चालू होतं. ती बाई ओळखून हसली. मोजे घेतले, हात लावून पाहिले आणि घडी करून पिशवीत ठेवले.

"पहिन ना," मी म्हणाले.

"येला पहिर के हाथ नइ चलय दीदी. घर मा काम आही."

मोजे घालून हात चालत नाही. घरी उपयोगी पडतील. ती पुन्हा चिंध्या बांधलेल्या बोटांनी पट्ट्या उपसायला लागली. मला राग आला, तिचा. मग रागाची शिसारी आली. ती कामाला रोजच्या मजुरीवर होती, हात सावकाश चालवणं तिला परवडणार नव्हतं, आणि मी चार जोड्यांत माझी झोप विकत घ्यायला आले होते.

शेवटी आम्ही मुलीचा कागद काढला. यावेळी आधी काय न्यायचं नाही ते ठरवलं. फ्रिज नाही. अंडी, दूध रोज गावात घ्यायचं. मिक्सर नाही. नवऱ्यानं चोरून मनात ठेवलेला एसी तर नाहीच. राहिलं काय, तर मशीन, पंखा, दोन दिवे, फोन. एवढ्याला एक लिथियमची बॅटरी पुरत होती, तीही दोन रात्री ऊन नसलं तरी. छतावरचं पॅनल चांगलं होतं, ते ठेवलं. गाडी चालताना इंजिनकडून भरायची सोय केली. बॅटरी पलंगाखाली न ठेवता गाडीच्या मागच्या टोकाला, बाहेर हवा जाईल अशा वेगळ्या कप्प्यात बसवून घेतली. मशीन आम्ही उशीच्या वर फळी ठोकून ठेवलं.

हा दुसरा, लिथियमवाला दुकानदार शिकलेला तरुण होता, कागद नीट वाचणारा. मी त्याला विचारलं, "ही जुनी झाली की कुठं जाते?"

"दस साल चलेगी मैडम."

"दहा वर्षांनी?"

तो हसला. "तब देखेंगे ना मैडम. तब तक कुछ सिस्टम आ जाएगा."

मी म्हणाले, परत घ्याल असं लिहून द्या. त्यानं बिलाच्या मागे लिहून सही केली, माझं मन राखायला. ते बिल माझ्याकडे आहे. त्याला काय किंमत आहे ते मला माहीत आहे. ह्या बॅटरीतला धातूही कुठल्या तरी जमिनीतून, कोणाच्या तरी हातांनी निघाला असेल. ते आवार मी पाहिलेलं नाही, एवढाच फरक.

हिवाळ्यात आम्ही सिहाव्याच्या डोंगरांकडे गेलो. नवरा मास्क बांधून झोपला. मी पहाटेपर्यंत दोनदा कूस बदलून त्याच्या छातीकडे पाहिलं. उजाडल्यावर तो आपणहून उठला. चेहऱ्यावर राख नव्हती. बाहेर येऊन चूळ भरली, मी चहा ठेवला होता तिथं येऊन बसला.

"सपन पडलं," तो म्हणाला. "किती वर्षांनी पडलं."

"काय पाहिलं?"

"आठवत नाही. पण लय लांब होतं." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "आता तं खूश आहेस ना?"

"नाही," मी म्हणाले. "पण तुम्ही झोपले, ते बरं झालं."

त्यानं कप पुढे केला, मी चहा ओतला, आणि आम्ही दोघं डोंगरावर ऊन उतरायची वाट बघत बसलो.